खाडीत सोडलेली संत्री

नोव्हेंबरात फोन आला तेव्हा मी मालाडच्या एका प्रभागातले नाले नकाशावर चढवत बसले होते. पलीकडून माशा-कोळंबीच्या रोगांवर काम करणाऱ्या एक मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला कोळंबीचं काय कळतं?" मी म्हटलं, "सोलायला येते." त्या हसल्या. "मग चालेल. बाकीचं आम्ही शिकवू, नकाशाचं तेवढं तुम्ही बघा."

पंधरा वर्षं मी मुंबईत नकाशेच काढतेय. गटारं, मालमत्ता कर, रस्त्यांची खोदकामं. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेवरून कितीदा गेले असेन. १९६१ सालापासूनची संस्था, पण आत नेमकं काय शिकवत असतील हा प्रश्न कधी पडला नव्हता. गुराढोरांचे डॉक्टर असतात तसे माशांचेही असतात, पाण्यातही साथी येतात आणि त्या साथींचे नकाशे काढतात, हे मला चाळिशीत कळलं.

काम पालघर जिल्ह्यातल्या एका खाडीवरचं होतं. खाडीचं नाव सांगणार नाही, का ते पुढे येईलच. दोन्ही तीरांना कोळंबीचे प्रकल्प. मागच्या तीन वर्षांत कोणाच्या तळ्यात, कधी, कोणता रोग आला याच्या नोंदी मॅडमच्या टीमकडे होत्या. त्या नकाशावर टाकायच्या, आणि पुढच्या हंगामात एका तळ्यात रोग दिसला तर आधी कोणाला सावध करायचं ते त्यावरून ठरवायचं. चार महिने दिले होते. ठिपकेच तर टाकायचेत, पंधरा दिवसांत उरकेल, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

एक्सेलची फाइल उघडली आणि पहिल्याच दिवशी आमची नऊ तळी नॉर्वेच्या उत्तरेला भर समुद्रात जाऊन पडली. कोणीतरी अक्षांशाच्या रकान्यात ७२ आणि रेखांशाच्या रकान्यात १९ लिहिलं होतं. ही चूक एका नजरेत कळते, म्हणून ती बरी. खरा त्रास मिनिटांचा. जुन्या जीपीएसवर १९ अंश २८ मिनिटं असं दिसतं, म्हणजे दशांशात १९.४७. वहीतून संगणकावर उतरवणाऱ्याने तेच १९.२८ असं टाइप केलं की तळं गुपचूप वीस किलोमीटर दक्षिणेला सरकतं. रेखांशही तसाच चुकला असेल तर ते अरबी समुद्रात जातं आणि आपण चूक पकडतो, पण एकच आकडा चुकला तर तळं दुसऱ्याच्या शेतात छान जाऊन बसतं. काही नोंदींत आकडे नव्हतेच, नुसतं "पुलाच्या पुढे, उजवीकडे". कोणत्या पुलाच्या, आणि कुठून येताना उजवीकडे?

तेव्हा गाठीभेटी घेत फिरण्याला पर्याय नव्हता. अंधेरीहून सकाळी विरार लोकल (उलट दिशेने, त्यामुळे बसायला जागा, हे या कामातलं सगळ्यात मोठं सुख), मग रिक्षा, मग बांधावरून चालत. जाताना मॅडम मला रोग शिकवायच्या. समोर बसलेल्या बाया कान टवकारून ऐकायच्या.

व्हाइट स्पॉट, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, विषाणूमुळे होतो. आपल्या देशात तो १९९४-९५च्या सुमारास आला आणि तेव्हाच्या टायगर कोळंबीचं त्याने कंबरडं मोडलं. पुढे २००९ मध्ये व्हनामी कोळंबीला परवानगी मिळाली, रोगमुक्त म्हणून तपासलेल्या नर-माद्या बाहेरून आणून त्यांचं बी काढायला लागले, धंदा पुन्हा उभा राहिला. पण विषाणू गेला नव्हता. तो खेकड्यांत राहतो, खाडीतल्या रानटी कोळंबीत राहतो. तळ्यात शिरला की आधी कोळंबी खाणं सोडते, चेकट्रे, म्हणजे खाद्य किती संपलं ते बघायची जाळीची थाळी, वर काढली तर खाद्य जसंच्या तसं. मग ती काठाला येऊन सुस्त फिरते. तीन ते दहा दिवसांत अख्खं तळं संपू शकतं. तळ्याच्या पाण्यात हा विषाणू तीन-चार दिवस तरी जिवंत राहतो, हे मॅडम दोनदा म्हणाल्या. मी ते वहीत लिहिलं आणि विसरले. पुढे सगळं त्या तीन-चार दिवसांवरच येऊन ठेपलं.

तळी उपग्रहाच्या चित्रावरून आखायची होती. सेंटिनेल-२ची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी एक. एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. अर्ध्या हेक्टरचं तळं म्हणजे साधारण सात बाय सात ठिपके, त्यामुळे कडा दातेरी येतात पण तळं ओळखू येतं. पावसाळ्यात मात्र ढगांशिवाय काही दिसत नाही, तेव्हा रडारवालं सेंटिनेल-१ वापरायचं, त्याला ढग आडवे येत नाहीत.

मी तीन दिवसांत भराभर दीडशेच्या वर चौकोन आखले आणि मॅडमना दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "एवढे प्रकल्प कुठून आले? हे अर्धे मिठागर आहेत की." वरून बघितलं तर मिठागराचा वाफा आणि कोळंबीचं तळं यांत काही फरक नाही. तोच बांध, तेच चौकोन, तेच पाणी. मुलुंड-भांडुपची मिठागरं लोकलमधून आयुष्यभर पाहिलेल्या बाईने असं फसावं! मग एकच चित्र पाहण्याऐवजी वर्षभराची चित्रं एकामागे एक लावली. मिठागर उन्हाळ्यात आटतं, पांढरं पडतं. तळं हंगामभर भरलेलं राहतं आणि कोळंबी काढल्यावर एकदम रिकामं होतं. वर्षाच्या चालीवरून दोन्ही वेगळी झाली. नकाशातली ही गोष्ट मला नाल्यांनी कधी शिकवली नव्हती, नाले बारा महिने सारखेच.

डिसेंबरच्या शेवटी पहिला नकाशा तयार झाला. लाल म्हणजे रोग जास्त, पिवळा म्हणजे कमी. खाडीच्या मधल्या वळणावर लालभडक डाग. टीमचे मुख्य सर खूश झाले, म्हणाले हेच अहवालाच्या मुखपृष्ठावर घ्या. मला मात्र कसंसंच झालं, कारण असले डाग मी पालिकेच्या तक्रारींचे काढले आहेत. जिथे तक्रार करणारे जागरूक लोक राहतात तिथेच नाला तुंबलेला दिसतो. विचारलं तर निघालं तसंच. त्या वळणावर एक शिकलेला तरुण प्रकल्पवाला होता. काही खुट्ट झालं की कल्ले काढून स्पिरिटच्या बाटलीत घालायचा आणि पीसीआर तपासणीला पाठवायचा, स्वतःचेही आणि शेजारच्यांचेही. बाकीचे गुपचूप कोळंबी काढून विकून मोकळे होत. आमचा लाल डाग रोगाचा नव्हताच, त्याच्या प्रामाणिकपणाचा होता.

याच्या उलटही होतं. मेलेला मासा म्हणजे रोग, असं लोकांना वाटतं. माझ्या मावशीने मला बाणगंगेचा व्हिडिओ पाठवला, पितृपक्ष संपल्यावर तलावात मेलेल्या माशांचा खच. "तुझ्या नकाशात टाक हे पण." पण तिथे पिंडांचं अन्न, पीठ, फुलं पाण्यात कुजतात, त्याने पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. ती साथ नव्हे. आमच्या नोंदींतल्याही काही ओळी अशाच निघाल्या. ढगाळ दिवस, रात्री वीज गेलेली, पाण्यात हवा मिसळणारं पॅडलव्हील बंद, पहाटे कोळंबी मेलेली. त्या आम्ही वेगळ्या रंगात काढल्या. म्हणजे आता प्रत्येक तळ्यासाठी तीन गोष्टी हव्या होत्या: रोग झाला, रोग झाला नाही, आणि कोणी पाहिलंच नाही. तिसरा रकाना आधी नव्हताच. तो भरायला जानेवारीचा निम्मा महिना गेला.

मग वर्तुळं. साथ आली की बाधित ठिकाणाभोवती अमुक किलोमीटरचं वर्तुळ काढायचं, ही सगळ्यांची पहिली युक्ती असते. कोंबड्यांच्या बर्ड फ्लूला तसंच करतात. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते दोन क्लिकचं काम आहे. मी प्रत्येक रोगी तळ्याभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं, मोठ्या कागदावर छापलं आणि बर्फाच्या कारखान्याबाहेर बसलेल्या प्रकल्पवाल्यांसमोर पसरलं.

त्यातले एक काका, वय सत्तरीचं, आधी भातशेती, मग मीठ, मग कोळंबी असा सगळा प्रवास झालेले. त्यांनी बोटाने एक वर्तुळ गिरवलं. "ताई, हे गोल कशाला काढलंय? रोग काय उडत येतो?"

मॅडम म्हणाल्या, "थोडा उडतही येतो काका. कावळा मेलेली कोळंबी उचलून शेजारच्या तळ्यात टाकतो. म्हणून तर तुम्ही वर दोऱ्या ताणता."

"ते खरं. पण हा बघा, हा माझा भाचा. रस्त्याच्या पलीकडं. चारशे पावलं पण नसतील. त्याचं पानी या खाडीचं नायच. वरच्या नाल्यानं येतं. तुमच्या गोलात तो रोगी. आणि हा," त्यांचं बोट कागदावर लांब खाली सरकलं, दुसऱ्या फाट्यात वळलं, "हा गोलाच्या भाईर. माझ्याकडं रोग आला त्या साली मी तळं सोडलं, बारा दिवसांनी ह्याचं गेलं."

"तळं सोडलं म्हणजे?"

"उघाडी उघडली. पानी सोडून दिलं. दुसरं काय करनार होतो?"

बांधातून पाणी आत-बाहेर करायचं जे दार, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडली की तळं आपोआप रिकामं होतं, वीज लागत नाही, पैसा लागत नाही. रोगी तळ्याचं पाणी क्लोरीन मारून, अडवून ठेवून मगच सोडायचं असतं, हे काकांना माहीत होतं. पण तेव्हा घरात तीन लाखांचं खाद्याचं बिल पडलं होतं आणि ब्लीचिंग पावडर उधारीवर कोणी देत नव्हतं. हे त्यांनी चारचौघांत सांगितलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

घरी येऊन नकाशा पुन्हा उघडला. काका आणि भाचा: हवेतून तीनशे मीटर, पाण्याच्या वाटेने अकरा किलोमीटर. काका आणि फाट्यातला तो दुसरा: हवेतून चार किलोमीटर, पाण्याने साडेपाच. वर्तुळ दोन्हीकडे तोंडावर आपटलं होतं.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, सॅमनवाल्यांनी हे आधीच केलंय. स्कॉटलंडमध्ये १९९८ मध्ये सॅमनचा मोठा रोग आला, तेव्हापासून तिथे मत्स्यपालनाची रोगक्षेत्रं आखताना भरती-ओहोटीच्या एका फेरीत पाणी किती लांब जातं ते अंतर धरतात. नॉर्वेतही दोन शेतांमधलं अंतर समुद्राच्या वाटेने मोजतात. (आमची नऊ तळी तिकडे गेली होती ती बहुधा प्रशिक्षणाला.) पण स्कॉटलंडचा आकडा आमच्या चिंचोळ्या, गाळाने भरलेल्या खाडीला कसा चालावा? आपली खाडी आपणच मोजायला हवी होती.

मोजायची उपकरणं महाग, आणि तेवढा निधी नव्हता. कोणीतरी सुचवलं, संत्री सोडा. संत्रं जवळजवळ पूर्ण पाण्यात बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, पाणीच नेतं, आणि रंग लांबून दिसतो. जानेवारी होता, संत्री स्वस्त. अंधेरी स्टेशनबाहेरून चार डझन घेतली. होडीवाला दादा म्हणाला, "नारळ सोडायचा असतो ताई, ही कुठली पूजा?" त्याला समजावलं की नारळाचा शेंडा पाण्याच्या वर राहतो. त्याला ते पटलं नाही, पण पैसे आगाऊ मिळाले होते.

दिवस निवडायला पंचांग लागलं. तिथीला पाऊण पट केली की मुंबईच्या भरतीची ढोबळ वेळ निघते. एकादशी असेल तर अकराची पाऊण पट, सव्वाआठ. मला हे लहानपणापासून पाठ होतं, पण पंधरा वर्षं संगणकावर काम करताना कधी उपयोगी पडलं नव्हतं. नेमकी वेळ छापील तक्त्यावरून घेतली आणि खाडीच्या आत पाणी किती उशिरा पोहोचतं ते उघाडीपाशी काठी रोवून पाहिलं. पौर्णिमेला उधाणाच्या भरतीनंतर ओहोटी लागताच काकांच्या उघाडीसमोर पहिली बारा संत्री सोडली आणि फोनवर जीपीएस चालू ठेवून मागे होडी लावली. सहा तास. दोन संत्री तिवरांत अडकली, चार काठावरच्या पोरांनी पळवली. उरलेली संत्री सहा-सात किलोमीटर गेली, खाडीच्या फाट्याच्याही खाली. मग भरती लागली आणि त्यांतली तीन परत वर येताना फाट्यापाशी वळून दुसऱ्या शाखेत शिरली. कोणी काही बोललं नाही. होडीवाला दादाच म्हणाला, "हे तर त्याच्या पंपाकडं चाललं."

अष्टमीला, भांगाच्या म्हणजे छोट्या भरतीच्या दिवशी, तोच प्रयोग पुन्हा केला. संत्रं तीन किलोमीटरही गेलं नाही.

पुढचं काम टेबलावरचं. खाडी आणि तिच्या शाखा रेघांनी आखल्या, प्रत्येक प्रकल्पाची पाणी घ्यायची जागा आणि सोडायची जागा वेगवेगळी टाकली. निम्म्यांची दोन्ही एकच निघाली. मग रस्त्यांवर जसा जवळचा मार्ग काढतात तसा पाण्यातून काढला. तीन वर्षांच्या व्हाइट स्पॉटच्या नोंदी तारखेप्रमाणे लावल्या तेव्हा बहुतेक ठिकाणी रोग उघाडीपासून समुद्राच्या दिशेने आणि मग फाट्यात सरकलेला दिसला, आणि तोही उधाणाच्या आठवड्यात जास्त लांब. यातून काही सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. एक प्रकल्प या माळेत कुठेच बसेना. पाण्याची वाट चौदा किलोमीटर, तरी त्याच महिन्यात रोग. खूप खोदल्यावर कळलं की काकांचं तळं उपसणारी जाळ्यांची टोळी तीन दिवसांनी तिथे गेली होती. जाळी ओलीच होती म्हणे. ती वाट नकाशावर कशी काढायची? शेवटी तुटक रेघ काढली.

मॅडमना ईएचपी या दुसऱ्या रोगाचीही उत्सुकता होती. त्यात कोळंबी फटाफट मरत नाही, वाढच खुंटते, एकाच तळ्यात लहान-मोठी होते. त्याच्या नोंदी पाण्याच्या वाटेवर टाकल्या तर काहीच आकार येईना, सगळीकडे विखुरलेल्या. बी कुठून आलं तो रकाना जोडला तेव्हा बऱ्याचशा एकाच खेपेच्या बियाशी जाऊन मिळाल्या. म्हणजे त्या रोगाचा शेजार शेकडो किलोमीटर लांब, पूर्व किनाऱ्यावरच्या बीज केंद्रात.

फेब्रुवारीत बी सोडायच्या आधी सगळ्यांची बैठक घेतली. मी भिंतीवर नवा नकाशा लावला, प्रत्येक तळं आपापल्या रंगात. दोन मिनिटं शांतता. मग तोच तरुण प्रकल्पवाला उठला, ज्याच्यामुळे आमच्याकडे निम्म्या नोंदी होत्या. "मॅडम, हा कागद व्यापाऱ्याच्या हातात गेला तर माझा माल किलोमागे किती पडेल, सांगा." कोणी हसलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, यापुढे आम्ही काही सांगणार नाही. तो नकाशा मी तिथेच काढून गुंडाळला. पंधरा वर्षांत आपल्या नकाशाने कोणाचं पोट मारलं जाईल असा विचार मी कधी केला नव्हता. तुंबलेल्या नाल्याला कोणी कमी भाव देत नाही.

त्यानंतर तळी दाखवणं बंद केलं. खाडीचे पाच टप्पे केले, प्रत्येकात निदान सहा प्रकल्प येतील असे, आणि रंग टप्प्याला दिला. खाडीचं नाव इथे न लिहिण्याचं कारणही तेच. सरकारी नोंद व्हायचीच. जलचरांच्या रोगांवर देशपातळीवर नजर ठेवण्याचा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि २०२३ मध्ये त्यासाठी फोनवर रोग कळवायचं अ‍ॅपही आलं. तिथे मॅडमची टीम कळवते. पण गावात फिरतो तो एकच संदेश, व्हॉट्सअ‍ॅपवर: टप्पा अमुक, आजपासून चार दिवस पंप लावू नका. चार दिवस का, तर लोकलमध्ये मॅडम दोनदा म्हणाल्या होत्या म्हणून. उधाण असेल तर खालचे दोन टप्पे आणि फाटा, भांग असेल तर फक्त खालचा एक. मी केलेल्या सगळ्या रेघा, शाखा, रंग यांचं शेवटी हे दोन ओळींचं वाक्य झालं. बर्फाच्या कारखान्यात त्या महिन्याच्या भरतीच्या वेळांचा कागद चिकटवलेला असतो, त्यावर उधाणाचे दिवस लाल पेनाने काकाच गोल करतात. म्हणजे गोल शेवटी आलाच.

मेच्या शेवटी पहिल्या पावसाच्या सरीनंतर एका प्रकल्पात व्हाइट स्पॉट निघाला. दुपारी तीनला कळलं, पाचला संदेश गेला. मालकाने उघाडी बंद ठेवली, कारण या वेळी ब्लीचिंगचे पैसे सगळ्यांनी मिळून काढले होते. ही युक्ती त्यांची, आमच्या अहवालात तिचा उल्लेखही नव्हता. खालच्या टप्प्यातल्या एकाने तरी पंप लावलाच, तळ्यात पाणी कमी होतं म्हणाला. त्याचं तळं वाचलं. दैव म्हणायचं की आणखी काही, मॅडमना विचारलं तर त्यांनी खांदे उडवले.

आता फाट्याच्या तोंडाशी रस्त्यासाठी भराव पडलाय आणि होडीवाला दादा सांगतो की ओहोटीला पाणी पूर्वीसारखं वळत नाही. जानेवारीत संत्री स्वस्त झाली की पुन्हा जायचंय. या वेळी सहा डझन घेणार आहे, चार पोरांसाठी धरून.